ड्रिलच्या वायरीकडेही बघा

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की सोसायट्यांमध्ये एक आवाज हमखास सुरू होतो. कुणाला मखरामागे पडद्याची दांडी लावायची असते, कुणाला दिव्यांच्या माळांसाठी हुक बसवायचे असतात. दिवाळीच्या साफसफाईत हाच आवाज पुन्हा घुमतो. मजल्यावर ड्रिल मशीन बहुधा एकाच घरात असते आणि वर्षातून दोन-तीनदा ते सगळ्या घरांतून फिरून येते. एरवी त्याचा मुक्काम माळ्यावर.

मशीन हातात घेणारा माणूस सांभाळतो ते फिरणाऱ्या बिटला. ते योग्यच आहे. लांब केस, ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही फिरत्या चकजवळ जाता कामा नये. सुती हातमोजेसुद्धा या कामात नकोत, कारण मोज्याचा धागा बिटमध्ये अडकला की मागोमाग बोटे ओढली जातात. चकची चावी काढून ठेवल्याशिवाय खटका दाबू नये, नाहीतर ती गोफणीतल्या दगडासारखी उडते. पण बिटचा धोका डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस आपोआप जपतो. मागून येणाऱ्या काळ्या वायरीकडे मात्र कुणी बघत नाही. जीव जाण्याची शक्यता जास्त आहे ती तिथे.

भारतात दरवर्षी विजेच्या धक्क्याने दहा हजारांहून अधिक लोकांचा मृत्यू होतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. यात शेतातल्या तुटलेल्या तारा, पंप, खांब सगळे आले. ड्रिलचा वेगळा हिशेब त्यात नाही. तरीही घरातल्या उपकरणांमध्ये ड्रिलचा धोका थोडा वेगळा ठरतो आणि त्याचे कारण हातात आहे. अगदी शब्दशः. मिक्सर किंवा इस्त्री माणूस सोडू शकतो. ड्रिल मात्र पूर्ण मूठ आवळून, अंगाचा भार देऊन धरलेले असते.

ही मूठ तशी जुनी आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये फाइन यांच्या कारखान्याने १८९५ मध्ये हातात धरता येईल असे विजेचे ड्रिल तयार केले, तेव्हा त्याचे वजन साडेसात किलो होते आणि ते दोन्ही हातांनी पेलावे लागे. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका ही आजची रचना अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने आणली. त्याचे पेटंट १९१७ चे. एका हाताने काम करता येऊ लागले ते या मुठीमुळे. पण विजेचा प्रवाह हातातून जाऊ लागला की हीच मूठ सापळा होते.

घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. हा प्रवाह हाताच्या स्नायूंमधून गेला की ते आखडतात. बोटे मिटणारे स्नायू बोटे उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी आखडले तरी मूठ मिटलेलीच राहते. ‘वीज माणसाला खेचून धरते’ असे गावोगावी म्हणतात ते यामुळे. वीज खेचत नाही. माणसाचाच हात सुटत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅलझिएल यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही मर्यादा मोजली. पकडलेली तार स्वतःहून सोडता येईल असा प्रवाह पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांमध्ये साडेदहा मिलिअँपिअर निघाला. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. त्यापुढे छातीचे स्नायू आखडून श्वास अडकतो आणि प्रवाह आणखी वाढून सेकंदभर टिकला तर हृदयाची लय बिघडते.

आता घरातला हिशेब मांडू. हात घामाने ओले आणि पाय ओल्या फरशीवर असतील, तर शरीराचा विजेला होणारा रोध एक ते दोन हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला भागले की शरीरातून जाणारा प्रवाह शंभर ते दोनशे मिलिअँपिअरच्या घरात जातो. म्हणजे फार तर ०.२ अँपिअर. ६०० वॉटचे ड्रिल स्वतः काम करताना अडीच अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. त्याला वीज देणाऱ्या मोठ्या प्लगचा एमसीबी असतो १६ अँपिअरचा. माणसाच्या शरीरातून चाललेले ०.२ अँपिअर त्या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतात. तो बसवलेला असतो भिंतीतल्या तारा तापून जळू नयेत म्हणून. ‘आमच्याकडे एमसीबी आहे, काही झाले तर बटण पडेल’ हा विश्वास म्हणूनच अपुरा आहे.

माणसासाठी असते ते वेगळे यंत्र, आरसीसीबी. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढेच ते सतत पाहत असते. परत येणारा प्रवाह कमी पडला, याचा अर्थ कुठूनतरी गळती होते आहे. कदाचित कुणाच्या तरी हातातून. अशा वेळी ते सेकंदाच्या छोट्याशा अंशात वीज तोडते. योगायोग असा की, घरगुती वापरासाठी या तत्त्वावरचे यंत्र १९६१ मध्ये अमेरिकेत आणले तेही डॅलझिएल यांनीच. ज्याने हात कधी सुटत नाही हे मोजले, त्यानेच हात सोडवण्याची सोय केली.

वीजमीटरजवळच्या पेटीत ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटण असलेला रुंद स्विच दिसला, तर तो बहुधा हाच. त्यावर ३० मिलिअँपिअर असे छापलेले असावे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा असेल तर त्याचा भर आगीपासून संरक्षणावर असतो, माणसाला तो पुरत नाही. ड्रिल सुरू करण्याआधी ते बटण एकदा दाबून बघावे. घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर आरसीसीबी निकामी आहे आणि इलेक्ट्रिशियनला बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नये. अनेक घरांत तो ‘सारखा पडतो’ म्हणून बाजूला काढून तारा थेट जोडलेल्या असतात. सारखा पडतो म्हणजे कुठेतरी गळती आहे. दुरुस्ती त्या गळतीची करायची. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तो मुळातच नसतो, तिथे बसवून घेणे हा ड्रिलपेक्षा मोठा पण करण्याजोगा खर्च आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकाच वेळी हातात आल्या आणि बाहेर गळती झाली नाही, तर मात्र आरसीसीबीलाही काही कळत नाही, हे ध्यानात असावे.

मशीनचेही दोन प्रकार आहेत. जुन्या ड्रिलचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे असते. कंत्राटदारांकडे आणि भाड्याने मशीन देणाऱ्या दुकानांत ती अजून दिसतात, आणि टिकाऊपणात त्यांना नावे ठेवायला जागा नाही. त्यांची वायर तीन पदरी असते आणि तिसरी, हिरवी तार धातूच्या अंगाला जोडलेली असते. आत कुठे तार सुटून अंगाला टेकली, तर प्रवाह हातातून न जाता या तारेने जमिनीत जावा यासाठी ती सोय आहे. पण तीन पिनांचा प्लग बोर्डात बसत नाही म्हणून कुणीतरी दोन पिनांचा लावतो, किंवा दोन पदरी एक्स्टेंशन जोडतो, आणि ही सोय गुपचूप संपते. मशीन पहिल्यासारखेच चालते. त्यामुळे बिघाड झाला आहे हे कुणाला समजतच नाही.

दुसरा प्रकार आजच्या प्लॅस्टिक अंगाच्या मशीनचा. त्यांच्या पाटीवर एका चौकोनात दुसरा लहान चौकोन काढलेला असतो. या खुणेचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन. तारेवरचे नेहमीचे आवरण फाटले तरी आतला धातूचा भाग आणि हात यांच्यामध्ये आणखी एक स्वतंत्र आवरण राहते. म्हणून या मशीनला अर्थिंगची तार नसते आणि दोन पिना असणे हा त्यांचा दोष नाही. मात्र आत पाणी शिरले तर हे दुहेरी आवरण कामाचे उरत नाही. वायरच सोलली असेल, तर त्या ठिकाणी आवरण मुळातच एकेरी उरते.

दुहेरी इन्सुलेशनवाले मशीनही एका बाबतीत हात देत नाही. भिंतीत गाडलेल्या चालू वायरीत बिट घुसले, तर बिट, चक आणि बऱ्याच मशीनमध्ये पुढची गिअरची धातूची पेटी, सगळ्यांत वीज येते. मागची प्लॅस्टिकची मूठ सुरक्षित राहते. घरोघरी दिसणारे दृश्य मात्र असे, की उजवा हात मुठीवर आणि जोर द्यायला डावा हात थेट गिअरच्या नाकावर. डाव्या हाताची जागा बाजूच्या जादा दांड्यावर आहे. तो दांडा खोक्यातच राहून गेलेला असतो, तो शोधून लावावा.

भिंतीतल्या वायरी बहुधा स्विचबोर्डपासून सरळ वर, खाली किंवा आडव्या जातात. म्हणून बोर्ड, प्लग आणि भिंतीवरच्या दिव्याच्या थेट वर-खाली आणि त्याच रेषेत आडवे भोक पाडू नये. बाथरूम आणि स्वयंपाकघरात हाच नियम नळांना लागू. स्लॅबमध्ये पंख्याकडे जाणारे पाइप कसेही तिरके गेलेले असतात, तिथे अंदाज चालत नाही. कारागिरांची एक सोपी युक्ती घरीही करता येते. ज्या खोलीत भोक पाडायचे तिचा एमसीबी बंद करायचा, टेस्टरने तिथल्या प्लगमध्ये वीज नाही याची खात्री करायची आणि ड्रिलला वीज शेजारच्या खोलीतून एक्स्टेंशनने आणायची. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून पाहावा, कारण बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच सांगतो. पावसाळ्यात ओल आलेल्या, पोपडे सुटलेल्या भिंतीचे काम निवांत ऑक्टोबरपर्यंत ढकलावे. गणपतीला दांडी नसली तरी चालते.

एक्स्टेंशनबद्दलही थोडे. मोबाइल चार्जरसाठी घेतलेला बारीक वायरीचा बोर्ड ड्रिलला जोडला की वायर तापते, मशीनला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि मोटर ओढल्यासारखी चालते. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळीत उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. आवरण वितळते ते तिथे.

काँक्रीटमध्ये भोक पाडताना हॅमर चालू असतो. आतल्या दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरत बिटला पुढे ठोके देतात. मशीनवर मिनिटाला ४० हजारांहून जास्त ठोके असे छापलेले असते, ते या दात्यांमुळे. टाइल किंवा काचेसारख्या चकचकीत फरशीवर हॅमर बंद ठेवून, चिकटपट्टी लावून, हळू वेगात सुरुवात करावी. काँक्रीटमध्ये जाता जाता बिट एकदम पुढे सरकायचे थांबले आणि आवाज बदलून खणखणीत झाला, तर लोखंडी सळई लागलेली असते. भिंतीचे बिट लोखंड कापत नाही. जोर वाढवून उपयोग नाही, जागा दोन-तीन बोटे बदलावी. बीम आणि कॉलममधली सळई तर कापूच नये.

सळईला अडकून बिट थांबले, तरी मोटर थांबत नाही. मग बिटऐवजी मशीन फिरायला बघते. मोटर चकच्या कित्येक पटींनी वेगाने फिरत असते आणि गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतात. तो सगळा जोर मनगटावर येतो. मनगट मुरगळते, कधी हाडही मोडते. खटका दाबलेलाच ठेवणारे छोटे लॉक-बटण या वेळी सर्वांत घातक, कारण बोट सुटले तरी मशीन चालू राहते. भोके पाडताना ते वापरू नये. शिडीवर तर नाहीच. शिडीवर हलकासा झटकाही तोल घालवायला पुरतो आणि मग इजा विजेने नव्हे तर पडण्याने होते. स्टुलावर पाट ठेवून उंची वाढवण्याची कसरत अनेक घरांत चालते. घडीची शिडी मागून आणणे त्यापेक्षा सोपे आहे.

धुळीचा प्रश्न वर्षातून चार भोके पाडणाऱ्याला फारसा नाही, रोज चाळीस पाडणाऱ्या कारागिराला आहे. काँक्रीट आणि विटांच्या धुळीत सिलिका असते. तिचे अगदी बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षांच्या संपर्काने सिलिकोसिस होतो. त्यावर उलट फिरवणारा उपचार नाही. कारागीर घरी काम करत असेल, तर त्याला एन-९५ मास्क देण्यात संकोच वाटायचे कारण नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्यांत भोके पाडायची वेळ आलीच तर पत्रा ओला करून, हातड्रिलने, मोकळ्या हवेत पाडावीत. विजेच्या मशीनजवळ पाणी नेऊ नये. खाली पडलेला भुसा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावा. कानांचा हिशेब अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने घालून दिला आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास चालेल, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. काँक्रीटवरचा हॅमर शंभर डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे पंधरा मिनिटे. छताला भोक पाडताना डोळ्यांवर बंद गॉगल हवा, नेहमीचा चष्मा बाजूने उघडा असतो. डोळ्यात कण गेलाच तर चोळू नये, पाण्याने धुवावा आणि खुपत राहिले तर डॉक्टरकडे जावे.

काम संपल्यावर मशीन तसेच खोक्यात जाते. तिथे दहा मिनिटे दिली, तर ते कित्येक वर्षे जास्त टिकते. या मोटरला थंड करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. हळू वेगात, जोर देऊन काम केले की मोटर तापते पण पंखाही हळू फिरतो, वारा कमी पडतो. म्हणून मोठ्या भोकानंतर मशीन मिनिटभर मोकळे, पूर्ण वेगात फिरवावे. त्याने हवेच्या फटींतली धूळही निघते. मग प्लग काढून फटी कोरड्या ब्रशने साफ कराव्यात. छताला भोके पाडली असतील तर धूळ चकमध्ये उतरते आणि त्याचे दात घट्ट होतात. जुना रबरी चेंडू अर्धा कापून बिटवर उपडा घातला की बरीच धूळ त्यात अडते.

फटींमधून निळसर ठिणग्या दिसतात, त्यांना घाबरू नये. मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे दोन तुकडे घासले जात असतात, त्यांच्या त्या ठिणग्या. पण ठिणग्यांचे कडे दिसू लागले, मशीन थांबत-थांबत चालू लागले किंवा जळका वास आला, तर कार्बन झिजले आहेत. ते जोडीनेच बदलायचे असतात आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. झिजलेल्या कार्बनची काळी पूड आतच बसते आणि ती विजेची वाहक असते. ती पूड आणि दमटपणा एकत्र आले की इन्सुलेशनवरून गळती सुरू होते. पावसाळाभर माळ्यावर पडलेले मशीन म्हणूनच काढल्याबरोबर प्लगमध्ये घालू नये. एक-दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवावे. तरीही हाताला मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ते मशीन तिथेच थांबवून दुरुस्तीला द्यावे. ‘जरासा करंट मारते’ असे सांगत शेजाऱ्याला तर देऊच नये.

कुणी मशीनला चिकटलाच, तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद. तो दूर असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकने प्लग किंवा मशीन बाजूला सारावे. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नसेल, तर १०८ ला फोन करून लगेच छाती दाबायला सुरुवात करावी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. हात सुटून माणूस उठून बसला, ‘काही नाही’ म्हणाला, तरी छातीत धडधड, चक्कर, भाजल्याची खूण असेल किंवा तो बेशुद्ध पडून गेला असेल, तर डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा.

उरली वायर. ती तुटते ती दोनच ठिकाणी. मुठीतून बाहेर पडते तिथे आणि प्लगच्या मुळाशी. मशीन वायरीला धरून उचलल्याने, शिडीवरून खाली सोडल्याने आणि काम झाल्यावर अंगाभोवती करकचून गुंडाळल्याने आतल्या बारीक तारा एकेक तुटत जातात, बाहेरून काही दिसत नाही. वायर हलवली की मशीन चालू-बंद होते, ही त्याची खूण. काळी चिकटपट्टी हा त्यावरचा उपाय नाही. उष्णतेने तिचा डिंक सुटतो आणि मधला जोड उघडा पडतो. इलेक्ट्रिशियनकडून संपूर्ण वायरच बदलून घ्यावी. धातूच्या अंगाच्या मशीनला तीन पदरीच, आणि हिरवी तार आत अंगाला जोडली आहे हे त्याच्याकडून बघून घ्यावे. मशीन भाड्याने आणताना हे सगळे दुकानाच्या काउंटरवरच पाहता येते. वायर दोन्ही टोकांना वाकवून बघायची, प्लगच्या पिना मोजायच्या, पाटीवर दुहेरी चौकोन आहे का ते शोधायचे, खटका सोडला की मशीन थांबते का ते तिथेच चालवून पाहायचे. वायरीच्या मधोमध चिकटपट्टी दिसली, तर दुसरे मशीन मागायचे.